सव्वीस माठ

तीस वर्षं माझ्यावर सव्वीस माठांचं कर्ज होतं. कुठल्या वहीत त्याची नोंद नव्हती, कुणी मागायला दारात आलं नाही, आणि माझ्या वडिलांना तर ते अखेरपर्यंत कळलं नाही.

खामगावात आमच्या घराच्या मागच्या अंगाला कुंभारांची चार घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरातल्या कर्त्या माणसाला गल्लीतली सगळी पोरं आबाजी म्हणत. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी जेमतेम गाठली असेल, पण धुरात आणि मातीत माणूस लवकर आबाजी होतो. त्यांची बायको सगळ्यांची माय. चाक आबाजींचं, माती मायची. तळ्यातली माती वाळवायची, बडवायची, चाळायची, तिच्यात राख आणि लीद घालायची आणि कंबर धरेपर्यंत पायानं तुडवायची, हे सगळं माय करायची. चाळताना पांढरा खडा दिसला की ती एक शिवी हासडून तो लांब भिरकावायची. चुनखडीचा खडा. मडकी भाजायच्या आव्यात तो गप्प राहतो. मडकं गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की ओलावा पिऊन चार दिवसांनी फुगतो आणि मडक्याच्या अंगावरून खपली उडते. माय म्हणायची, "मडक्याले फुटाणे आले." आमच्या भागातल्या मातीत ही चुनखडी पावलोपावली, त्यामुळे मायच्या शिव्यांनाही खंड नसे.

भाद्रपदाच्या पौर्णिमेआधी त्या घरात वेगळी धांदल असायची. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना भुलाबाई सांगावी लागते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. सोबत भुलोजी म्हणजे शंकर, आणि मांडीवर गणोबा. पोरी तिला महिनाभर घरात बसवतात, रोज संध्याकाळी गल्लीतल्या घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात शेवटची पूजा करून तिची पाठवणी करतात. खामगावात कोजागिरीलाच मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो, म्हणून लहानपणी माझी पक्की समजूत होती की ही छोटी देवी जाऊन तीच मोठी होऊन परत येते. तर या छोट्या देवीची तोंडं आबाजी साच्यातून काढत, बाकीचं अंग हातानं. वीत-दीड वीत उंची. वर गुलाबी, पिवळा, हिरवा असा भडक रंग. गणोबाला ते सगळ्यात शेवटी मायच्या हातून चिकटवून घ्यायचे. लेकरू ठेवायचं काम बाईचंच, असं त्यांचं मत.

गाणी झाली की खाऊ ओळखायचा खेळ. ज्या घरी गाणी, त्या घरचा झाकलेला डबा. पोरी तो कानाशी धरून हलवायच्या आणि आवाजावरून ओळखायच्या: ओला की सुका, गोड की तिखट. पोरांना त्यात जागा नव्हती. मी बहिणीच्या मागे दारात उभा राहून तो डब्याचा आवाज ऐकायचो आणि मनातल्या मनात ओळखायचो. बहुतेकदा चुकायचो. पुढच्या हिशेबासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९८४ चा फाल्गुन असेल. उन्हाळा तोंडावर म्हणून आबाजींनी माठांचा मोठा आवा रचला. खाली शेणी, मध्ये पऱ्हाट्या, तुराट्या, मग माठांच्या उतरंडी, फटींमधून पुन्हा शेणी, आणि सगळ्यावर फुटक्या खापरांचं आणि राखेचं पांघरूण. मी मातीचा एक बैल केला होता. तो आव्याच्या कडेला, खापरांच्या अगदी आत, मायनं माझ्या हट्टापायी ठेवून दिला. आवा पेटला, रात्रभर धुमसला. आबाजी सोयरिकीच्या कामाला जलंबला गेले. जाताना सांगून गेले, "दोन रात्री कोनी हात नाही लावाचा."

एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी कुणी नाही असं पाहून मी काठीनं कडेची सात-आठ खापरं सारली आणि चिमट्यानं बैल बाहेर ओढला. तांबडालाल, सुंदर बैल. खापरं परत लावायला गेलो तर हात भाजला. तशीच सोडली. वारा सुटला होता आणि तो सरळ त्या भगदाडातून आत जात होता. मी भिंतीपलीकडे जाऊन बसलो, आणि मग आतून आवाज यायला लागला. मोठा नव्हे. काचेच्या बांगडीवर बांगडी आपटावी तसा, टिक्. थोड्या वेळानं पुन्हा टिक्. मी रात्री अंथरुणात कानात बोटं घालून झोपलो. सकाळी बैलाचं एक शिंग गळून पडलेलं होतं.

आबाजी आले, आवा उकलला, आणि मला बोलावणं आलं. मला वाटलं, आता कानफटात. त्यांनी ते भगदाड पाहिलं होतं आणि बैलाची रिकामी जागाही. अंगणात साठेक माठ ओळीनं मांडलेले. मला पाटावर बसवलं आणि म्हणाले, "वाजव."

"कायले?"

"टिचकी मार अन् ऐक. खणखनीत बोलला तो इकडं. बद्द बोलला तो तिकडं."

एवढंच. मी एकेक माठ मांडीवर घेऊन टिचकी मारत बसलो. पहिले दहा तर सगळे सारखेच वाटले. मग हळूहळू कान जागा झाला. सलग भांडं टिचकीनंतरही क्षणभर बोलत राहतं. तडकलेलं भांडं बोलायला लागतं आणि मध्येच गप्प होतं, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. तडा डोळ्याला दिसत नाही, केसाएवढाही नसतो. कानाला मात्र लपत नाही. बोटाचं नख हुळहुळं झालं. दिवेलागण झाली तेव्हा डाव्या बाजूला सव्वीस माठ होते.

"किती?"

"सव्वीस."

"बरं. जाय आता. तुही माय वाट पाहत असन."

पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. आबाजी आले नाहीत. त्यांच्या घरची एका मोसमाची मिळकत मी एका शिंगमोड्या बैलासाठी घालवली आणि त्याबद्दल त्यांनी मला काय शिक्षा केली, तर ऐकायला शिकवलं.

पुढं मी सिरॅमिकच्या धंद्यात पडलो. डिप्लोमा केला आणि गुजरातेत मोरबीला टाइलच्या कारखान्यात लागलो. भट्टीच्या शेवटच्या टप्प्यात, जिथं माल थंड होतो, तिथं तडे जात, म्हणून माझी नेमणूक तिथंच झाली. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतल्या गारगोटीच्या कणांचं आकारमान एकदम बदलतं. तो टप्पा घाईनं ओलांडला की माल फुटतो. आबाजींना हा आकडा ठाऊक नव्हता, दोन रात्री ठाऊक होत्या. मी पट्ट्यावरून टाइल उचलून टिचकी मारायचो तेव्हा नवे इंजिनियर हसायचे. नंतर पाहिलं की मी बाजूला काढलेली टाइल प्रयोगशाळाही बादच करते, मग हसू थांबलं. आमच्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठच्या भोन गावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप निघाला आणि भाजक्या मातीच्या कड्या एकावर एक बसवून केलेल्या विहिरीही निघाल्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या. ते वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो त्या कड्या वाजवून कुणी घेतल्या असतील, हा.

२०१४ च्या सप्टेंबरात कंपनीनं मला इटलीत रिमिनीला पाठवलं. तिथं दर दोन वर्षांनी सिरॅमिक यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. मोरबीचे लोक मोरबीत भेटत नाहीत ते तिथं भेटतात आणि एकमेकांना खाकरे देतात. प्रदर्शन संपल्यावर एक रविवार रिकामा होता. ग्लेझची, म्हणजे मातीवरच्या चकचकीत लेपाची, यंत्रं विकणाऱ्या एका इटालियन माणसानं मला जवळजवळ दटावलंच, की या धंद्यात पोट भरतोस आणि लुकाचं दर्शन न घेता परत जातोस?

लुका देल्ला रोब्बिया. जन्म १४०० च्या आसपास, मृत्यू १४८२. मूळचा दगडाचा माणूस. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलसाठी गात्या-नाचत्या मुलांचा संगमरवरी सज्जा त्यानं १४३१ ते १४३८ या काळात कोरला, आणि नाव झाल्यावर हा गृहस्थ मातीकडे वळला. त्याच कॅथेड्रलमध्ये सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पूजेचं साहित्य ठेवायच्या खोलीच्या, दारावर त्याचं येशूच्या पुनरुत्थानाचं अर्धगोल शिल्प आहे, १४४२ ते १४४५ या काळातलं. पांढऱ्या आकृती, मागं निळं आकाश. निळा रंग कोबाल्टचा. पांढरा कशाचा, तर शिशाच्या ग्लेझमध्ये कथील मिसळून केलेला. कल्हईवाला भांड्याला आतून लावतो ते कथील लुकानं देवाच्या अंगाला बाहेरून लावलं म्हणा ना. दमट, अंधाऱ्या चर्चमध्ये साधा रंग पोपडे धरून गळतो, मेणबत्त्यांच्या धुरानं काळवंडतो. हे काम ओल्या फडक्यानं पुसलं की पुन्हा लख्ख. संगमरवरापेक्षा स्वस्त, डोंगरातल्या मठातही टिकणारं. लुकाचा पुतण्या आंद्रेआ यानं तर साचे काढून मेरी आणि बाळाच्या मूर्ती गल्लीबोळातल्या देवळ्यांपर्यंत पोचवल्या. मला उगाच आबाजींच्या फळीवर वाळत ठेवलेली भुलाबाईची तोंडं आठवली.

आंद्रेआचंच काम अनाथ बालकांच्या जुन्या आश्रमाच्या दर्शनी भागावर आहे, १४८७ चं. कमानींच्या मधल्या जागेत निळ्या गोलात एकेक तान्हं बाळ, बाळुत्यात घट्ट गुंडाळलेलं. अशी दहा बाळं. काहींचं बाळुतं सुटत चाललेलं. कुणीतरी सोडून गेलेली लेकरं इथं घेतली जात, १४४५ पासून. मी रस्त्यावर उभा राहून मान वर करून पाहत होतो. गणोबाला शेवटी चिकटवणाऱ्या मायला हे दाखवायला हवं होतं.

पण माझा दिवस खरा थांबला तो पिस्तोयात. फ्लोरेन्सपासून आगगाडीनं तासाभराच्या आतलं गाव. सान जोव्हान्नी फुओर्चिव्हितास नावाचं जुनं चर्च, बाहेरून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, आतून इतकं अंधारं की दारात थबकावं लागतं. वऱ्हाडात मी पाहिलेली मिशनची चर्चं आतून कोरी असत. भिंतीवर लाकडी क्रूस, बाकी चुना. त्यामुळे चर्च म्हटलं की मूर्ती नाही, हे माझ्या डोक्यात बसलेलं. इथं अंधारात एका बाजूला दोन पांढऱ्या बाया होत्या.

एक तरुण, उभी, किंचित वाकलेली. दुसरी म्हातारी, तिच्यापुढे गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलेली आणि वर तिच्या तोंडाकडे पाहणारी. रंग नाही, सोनं नाही, निळं आकाशही नाही. नुसतं पांढरं. वरच्या खिडकीतला उजेड म्हातारीच्या गालावरून घरंगळून तरुणीच्या कमरेपाशी थांबत होता. मला गोष्ट माहीत नव्हती. मला वाटलं, लेक माहेरी आली आहे. आईनं दारातच तिला धरलं आहे आणि पोटाकडे पाहून तिला सगळं समजलं आहे. नंतर कळलं की ती आई-लेक नव्हे. मेरी आपल्या नात्यातल्या वयस्क एलिझाबेथला भेटायला तिच्या डोंगरातल्या घरी आली आहे, आणि दिवस दोघींना गेलेले आहेत. लुकानं हे १४४५ च्या सुमारास घडवलं. पण माझी चूक फार मोठी होती असं मला अजून वाटत नाही. डोहाळ्यांची गाणी म्हणणाऱ्या पोरींच्या मागे दारात उभा राहून मी वाढलो, मला दुसरं काय दिसणार?

आणि मग माझा हात पुढं गेला. तर्जनी अंगठ्याशी टेकली होती, टिचकी मारायला. भानावर आलो आणि हात खिशात घातला. चर्चमध्ये मेणबत्त्या विकणाऱ्या बाईकडून त्या मूर्तीचं एक कार्ड घेतलं.

परत आलो तेव्हा कोजागिरीला दोन दिवस होते. सुट्टी काढून खामगाव गाठलं. कुंभारांच्या चार घरांपैकी दोनच उरली होती. आबाजी पंचाहत्तरीचे, दिवाळीच्या पणत्या काढत बसलेले, विजेच्या चाकावर. माय ओट्यावर, गुडघे धरून. कोनाड्यात नातीची भुलाबाई. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात धोतराला पुसले, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. आणि मग उलटं करून मागची बाजू पाहिली. मागं कोरं पांढरं.

"मागून कशी हाय?"

सहा हजार किलोमीटर जाऊन, अर्धा तास समोर उभं राहून, मला हा प्रश्न पडला नव्हता. मी धंद्यातला माणूस असूनही.

त्यांनी माझी वाट पाहिली नाही. "पोकळ असन. भरीव असती तं आव्यातच फुटली असती. अन् एवढी मोठी एका खेपेत नाही भाजल्या जात. तुकडे असन." मग बोट कार्डावरून फिरवत ते पदरांच्या घड्यांमध्ये सांधा शोधत राहिले. "मी असतो तं इथं केला असता." दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, तीच मूर्ती बोस्टनच्या प्रदर्शनात गेली, तेव्हा मी वाचलं की ती एकमेकांत बसणाऱ्या सुट्या तुकड्यांची आहे. आबाजींनी ते कार्डावरून ओळखलं होतं.

मायला मी मातीचं सांगितलं. तिथल्या आर्नो नदीची माती चुन्यानं भरलेली, आणि तरी काम टिकलं. किंबहुना त्या चुन्यामुळेच टिकलं, कारण भाजल्यावर अशी माती फिकट होते आणि ग्लेझच्या जोडीनं आकसते. मायनं अविश्वासानं माझ्याकडे पाहिलं.

"चुनखडी? अन् फुटाणे नाही आले?"

"खडे नाहीत तिथं. पिठासारखा बारीक चुना, सगळ्या मातीत मुरलेला."

"म्हंजे दळली कोनीतरी."

"नदीनं."

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग मी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या घराण्यानं ग्लेझचं गुपित वर्षानुवर्षं जपलं. पुढं ते बेनेदेत्तो बुल्योनी नावाच्या दुसऱ्या कारागिराकडे गेलं, आणि व्हसारी नावाचा त्यांचा जुना चरित्रकार म्हणतो की आंद्रेआच्या घरातल्या एका बाईकडून ते त्याला मिळालं. माय खुदखुदून हसली. "बाईकडूनच मिळन. माती मळे कोन?"

आता मूळ कामाला आलो. खिशातून पाकीट काढलं. माठाचा चालू भाव दीडशे रुपये धरून सव्वीसांचे तीन हजार नऊशे, म्हणून आत चार हजार घातले होते. "आबाजी, ते सव्वीस माठ," एवढंच मला बोलता आलं. तीस वर्षांत हा विषय पहिल्यांदाच निघत होता. ते विसरले असतील असं मी धरून चाललो होतो.

"सव्वीस नाही," आबाजी चाकावरची नजर न उचलता म्हणाले. "एकोनीस."

"मी मोजले होते."

"तू मोजले बराबर. वाजवले चुकीचे. तू गेल्यावर म्या कंदील घेऊन सारे पुन्हा वाजवले. सात चांगले होते. इकले म्या."

मी पाकीट पुढं केलं. ते त्यांनी बोटानं मागं सारलं आणि नातीला हाक मारली. तिच्या हातात पेन होतं, कागद नव्हता. आबाजींनी तिच्यापुढं ते कार्ड उलटं करून ठेवलं. "लिही. एकोनीस माठ. भाव सहा रुपये. त्या साली सहाच होता." तिनं पिस्तोयाच्या त्या दोन बायांच्या पाठीवर गुणाकार केला. १९ गुणिले ६, ११४.

माझ्याकडे सुटे नव्हते. मी पाचशेची नोट दिली. ती घेऊन नात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पळाली आणि येताना तीनशे शहाऐंशी रुपये घेऊन आली. आबाजींनी चाक थांबवलं, हात पुसले, नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. वरची तीन नाणी राहिली होती, दोन-दोन रुपयांची. ती त्यांनी एकेक करून ओट्याच्या फरशीवर टाकून ऐकली, मग दिली.